आपल्यात असं कोणी होतं का

१९ जून

डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा. ओमकार कुठे पडला, कसा उठला, जिना चढताना कशाला धरलं. पतपेढीकडून दर वर्षी आम्हा कर्मचाऱ्यांना डायरी मिळते, ती कोरीच पडली होती. ती काढली.

आज शाळेतून येताना पडला. रडला नाही. आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. सात वर्षांचा मुलगा. मी दोन वर्षं याला आळस म्हणत होते.

२१ जून

काल मुंबईला रिपोर्ट दाखवला. आजार स्नायूंचा आहे, रक्तातून येणारा. त्याचे दोन प्रकार. एकात मूल दहा-अकराव्या वर्षी चालायचं थांबतं आणि पुढचं डॉक्टरबाईंनी आम्ही विचारेपर्यंत सांगितलं नाही. दुसरा सौम्य. त्यात माणसं चाळिशी-पन्नाशीपर्यंतही चालतात, नोकऱ्या करतात. ओमकारचा कुठला, हे त्याच्या रिपोर्टवरून खात्रीने सांगता येत नाही म्हणाल्या. अंदाज वाईटाकडे आहे, पण अंदाजच.

मग त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन पुरुष, गोल बायका. "बाईला सहसा काही होत नाही, तिच्या मुलाला होतं. तुमच्या आईकडे, आजीकडे असं कोणी होतं का? आईचा भाऊ, आजीचा भाऊ, मावशीचा मुलगा? अधू होता पण बरीच वर्षं चालला, असा एक जरी सापडला तरी मला पुष्कळ कळेल." आणखीही काही सांगत होत्या, बहिणींच्या, मावश्यांच्या मुलींबद्दल. माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात तो एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, हळूहळू चालणारा.

येताना संतोष म्हणाला, "म्हणजे तुझ्या माहेरून आलंय." टोमणा नव्हता. पण नंतर खोपोलीपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

२३ जून

कळंबला आईकडे गेले, ओमकारला घेऊन. हर्षददादा शेतावर होता. आई वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"आपल्यात नाय गं असं कोण."

"आठव ना नीट. आजीच्या माहेरी? तुझ्या भावंडांत?"

"भावंडं कोण, मी आन् तुझा मोठा मामा. तो तर ऐंशीला टेकला."

"आजीच्या बहिणीचे, सोनाआजीचे दोन मुलगे लहानपणी गेले ना?"

"ते तिला इचार. मी लहान व्हते."

ओमकार जमिनीवर गाडी खेळत होता. आईने त्याला हाक मारली. तो उठून आला. "परत बस बघू खाली. आता ऊठ." असं तिने त्याला तीन वेळा करायला लावलं. त्याला गंमत वाटली. मग त्याच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि तेल कोमट करून बराच वेळ चोळत बसली. जेवायला बसलीच नाही. उपास असेल.

आईचं असंच असतं. ओमकार झाला तेव्हा सगळं घर पेढे खात होतं, आणि ही पेढा हातात धरून खिडकीशी बसलेली. मी म्हटलं होतं, मुलगी हवी होती का तुला? तर म्हणाली, व्हय, बरी असते मुलगी.

२९ जून

डॉक्टरबाईंसारखा तक्ता मी मोठ्या कागदावर काढला. वर पणजी. तिच्याखाली तीन मुलं: माझी आजी धोंडूबाई, तिची बहीण सोनाबाई, भाऊ लडकू. त्यातली फक्त सोनाआजी हयात आहे. पळसदरीला लेकीकडे, म्हणजे माझ्या अंबामावशीकडे असते. मावशीचा नवरा गेला, घरात तिघीच. सोनाआजी, मावशी आणि मावशीची मुलगी सुरभी.

आज गेले. फोन करायचा राहिला. आपल्याच माणसांकडे जायला फोन कशाला, असंही वाटलं. दारात चपलांचा ढीग होता. सुरभीचं जमलंय, मुलाकडची माणसं तारीख ठरवायला आली होती. परत फिरायला हवं होतं हे आता लिहिताना कळतंय. मागच्या दाराने आत गेले आणि सोनाआजीच्या खोलीत बसले. बाहेर चहा चाललेला. मी कागद उलगडला.

आजीला दिसतं अजून. तिने स्वतःच्या नावाचा गोल बघितला. त्याखालचे दोन रिकामे चौकोन बघितले.

"आजी, तुझे दोन मुलगे गेले ते कशाने? किती वर्षांचे होते? चालत होते का?"

"ताप."

"दोघांनाही?"

"व्हय. ताप."

मी दोन्ही चौकोनांत 'ताप?' असं लिहिलं. प्रश्नचिन्हही घातलं. ती बघत होती.

तेवढ्यात अंबामावशी आली आणि तिने दार लोटून घेतलं. "हे काय काढलंस? वारसाचं हाय का काय? सह्या पायजेत?" मागच्या वर्षी तिच्या चुलत घरात बंगल्यांसाठी जमीन विकली आणि मुलींच्या हिश्श्यावरून भांडणं झाली, तेव्हापासून कागद दिसला की सगळे दचकतात. मी म्हटलं, नाही गं मावशी, आजाराचं आहे. ओमकारला जे झालंय ते आजीच्या रक्तातून आलंय का, बघायचंय.

मावशीचा चेहरा जमिनीचं नाव काढलं असतं तर झाला नसता तसा झाला. "हळू बोल," म्हणाली. "आज नको. अगं, बाहेर मानसं बसलीत." मग मी जावं म्हणून बहुतेक, घाईने म्हणाली, "लडकूमामा लंगडायचा. त्याचं बघ पायजे तर. साठीचा होऊन गेला."

साठ.

सुरभी फाटकापर्यंत सोडायला आली. नवी साडी होती अंगावर. हसत म्हणाली, "ताई, फोन करून यायचं ना गं." मी ऐकून घेतलं आणि स्टेशनकडे जवळजवळ पळत गेले. घरी आल्या आल्या संतोषला सांगितलं, लंगडत होते पण साठ वर्षांपर्यंत चालले. तो ओमकारकडे बघत राहिला. कित्येक दिवसांनी त्याने माझ्या हातचा चहा मागून घेतला.

४ जुलै

दादाने केलेला आजोळच्या माणसांचा एक ग्रुप आहे. त्यावर आज लिहिलं:

'आमच्या ओमकारला स्नायूंचा आजार झाला आहे. तो धोंडूआजीच्या माहेरच्या रक्तातून आलेला असू शकतो. सोनाआजीचे दोन मुलगे लहानपणी गेले आहेत. लडकूआजोबा लंगडत होते असे कळते. ज्यांच्या घरात मुलगे अधू झाले किंवा लवकर गेले त्यांनी नाव, वय व कारण कळवावे. दोन दिवसांत कळवल्यास बरे.'

सोबत तक्त्याचा फोटो टाकला. मला वाटलं, एकेकाला विचारत बसण्यापेक्षा हे बरं.

५ जुलै

सगळ्यांनी वाचलंय, ते दिसतं. उत्तर एकाचंही नाही. कोणीतरी सकाळचं फूल टाकलं. एकाने नुसते हात जोडले. दुपारी दोघं ग्रुप सोडून गेले.

दादाचा फोन आला. "संजू, ते काढून टाक."

"का? मी काय चोरी केली?"

"अगं, असं चावडीवर विचारायचं असतं का? ज्याच्या घरात पोरी हायत तो काय सांगणार तुला?"

"माझा मुलगा आहे दादा."

"हाय ना. पण तू एकदा तरी विचारलंस का कोणाला, की कसे हाव म्हणून?"

संध्याकाळी काढून टाकलं. संतोषला सांगितलं तर म्हणाला, "तू पतपेढीच्या खिडकीतून विचारतेस तसं विचारतेस. नाव, वय, पुढचा." त्याला म्हटलं, मग तू विचार. तो शर्ट घालून बाहेर गेला. हल्ली तो कामावर जास्तीची पाळी मागून घेतो.

१५ जुलै

लडकूआजोबांचा मुलगा धाकलूमामा भिवपुरीच्या बाजूला असतो. शेती करतो. दादाने कसाबसा नंबर दिला. चार दिवस लावतेय, उचलत नाही. लावणीचे दिवस आहेत हे खरं. पण एक मिनिट बोलायला काय जातं?

ओमकार आज शाळेच्या कवायतीत मागे बसून राहिला. बाईंनीच बसवलं. म्हणाला, मी टाळ्या वाजवायला होतो.

२ ऑगस्ट

सुरभीचं लग्न मोडलं.

अंबामावशीचा फोन आला. मी हॅलो म्हणेपर्यंत ती बोलायला लागली होती. मुलाच्या मावशीच्या सुनेकडे तो फोटो पोचला. ग्रुपमधल्याच कोणीतरी पाठवला. त्यांनी काल निरोप दिला की पत्रिका नीट जुळत नाही. साखरपुड्यात जुळली होती.

मी म्हटलं, मावशी, मी सुरभीचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं.

"माझ्या आईचं लिवलंस. तिच्या पोटची मी आन् माझ्या पोटची ती. लोकांना मोजता येत नाय व्हय? तू तुझ्या पोराचं बघितलंस, बघायलाच पायजे. माझ्या पोरीचं कोनी बघायचं?"

मी म्हटलं, चांगली माणसं असती तर असं मोडलं नसतं. मला समजूत घालायची होती. तिने फोन ठेवला.

३ ऑगस्ट

दिवसभर खिडकीवर चुकीचे आकडे लिहिले. एका म्हातारीने पासबुक दोनदा परत केलं.

आता आठवतंय डॉक्टरबाई त्या दिवशी काय सांगत होत्या. मावश्यांच्या मुलींमध्येही हे असू शकतं. त्यांना सांगा, एकेकीला, नीट बसून. लग्न ठरत असेल, मूल होणार असेल तर आधी त्यांना तपासणी करता येते. म्हणजे सुरभीला देण्यासारखं माझ्याजवळ काहीतरी होतं. मी नेलं काय, तर कोरे चौकोन.

१० ऑगस्ट

पळसदरीला गेले. फोन केला होता, उचलला नाही, तरी गेले. मावशीने ओट्यावरच पाणी दिलं. "पी आन् जा." सुरभी कामावर गेली होती. मी म्हटलं, चुकलं माझं. मावशी भांडं परत घ्यायला हात पुढे करून उभी राहिली.

आतून सोनाआजी काठी टेकत आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मावशी म्हणाली, आये, तू आत जा. ती गेली नाही.

"मोठा नववं लागलं तवा बसला तो उठला नाय," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "पंधराव्याला गेला. दम लागून. धाकटा सोळा पुरे करून गेला. धाकट्याला समदं ठावूक व्हतं. मोठ्याचं बघत व्हता ना तो. एक दिस मला म्हनला, आये, आता माजे पन हात जानार ना." तिने माझ्या पर्सकडे बघितलं. "तुला आकडं पायजे व्हतं. लिव."

मी पर्स उघडली नाही.

"लिव, लिव. ताप नव्हता. ताप खोड."

"आजी, नको."

"आता मला इचारायला परत कोन येऊ नका."

मावशीने तिला धरून आत नेलं. भांडं माझ्या हातातच होतं. ते ओट्यावर ठेवून निघाले.

घरी आल्यावर इथे लिहितेय. नववं. पंधरा. सोळा. जे हवं होतं ते मिळालं. संतोषला फक्त एवढंच सांगितलं की आजीला काही आठवत नाही. अजून लडकूआजोबा आहेत. एकाच घरात वेगळं असू शकतं ना?

७ सप्टेंबर

या वेळी घाई केली नाही. धाकलूमामाला दादाकडून निरोप पाठवला. काय विचारायचंय ते आधीच कळवलं. सांगायचं नसेल तर नाही म्हणा, मला राग येणार नाही, असंही सांगायला लावलं. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. "भात निसवला, लोंब्या आल्या की ये. आता चिखल हाय समदीकडं. येताना खाऊन येऊ नको."

२१ सप्टेंबर

भिवपुरीला जाऊन आले.

धाकलूमामा रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. पासष्टीचे असतील, सरळ काठीसारखे. मी फळं नेली होती. मामींनी ती देवापुढे ठेवली. कागद नेला नव्हता, डायरीही नाही. भात, सुक्या बोंबलाचं कालवण, अळूच्या वड्या. जेवताना मी आजोबांचं नाव काढलं नाही. आईची तब्येत, दादाचं शेत, माझी नोकरी, सगळं त्यांनी विचारलं. फोन का उचलत नव्हते तेही स्वतःच सांगितलं: सारखा अनोळखी नंबर यायचा, वाटलं प्लॉटवाले असतील. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

हात धुऊन पडवीत बसलो. समोर भात लोंबीवर आलेला, मागे डोंगर.

"पोराला का नाय आनलंस?"

"चढ आहे ना मामा इथे. त्याला जमत नाही."

त्यांनी चढाकडे बघितलं. मग म्हणाले, "बाबा लंगडायचा, ते खरं हाय."

मी वाट बघत राहिले.

"आंब्यावरनं पडला व्हता गं. मी खाली झेलायला गोणपाट धरून उभा, आट-नऊ वर्सांचा. फांदी तुटली. पाय दोन जाग्याला मोडला, वैद्यानं बांधला तो वाकडाच बसला. त्याच्या आदी कबड्डी खेळायचा. नेरळपातूर नाव व्हतं त्याचं."

"नक्की ना मामा? आधीपासून थोडं असेल. चढताना मांडीला हात लावत असतील. लहान होतात तुम्ही."

"मी बघितलं ना."

"पण आधी कधी..."

"संजना," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी खोटं सांगतो पायजे तर. म्हनतो, जनमापासून व्हता तसा, तरी साठीपातूर चालला. तुला घरी जाईपर्यंत बरं वाटंल. पोराला त्याचा काय उपेग?"

मामी आतून बघत होत्या. मी रडले नाही, नुसती मान हलवत राहिले, ती थांबेना. निघताना मामांनी घरच्या पोह्यांची पिशवी दिली आणि रिक्षा सुटेपर्यंत ते रस्त्यावर उभे राहिले. म्हणाले, पोराला बघायला येतो मी, तू बोलवायची वाट नाय बघत.

नीट विचारलं तर माणसं किती नीट सांगतात. फक्त सांगण्यासारखं तिथे काही नव्हतं.

३ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंना सांगितलं. सोनाआजीचे दोघे, आणि लडकूआजोबांचं झाडावरून पडणं. त्यांनी दोन चौकोन काळे केले, एक पांढरा ठेवला. पेन खाली ठेवलं. "मग अंदाज बरोबर होता," म्हणाल्या. गोळ्या, व्यायाम, रात्री पायाला लावायचे पट्टे. गोळ्यांनी चालणं वर्ष-दोन वर्षं जास्त टिकेल कदाचित. शाळेत तळमजल्यावरचा वर्ग मागा म्हणाल्या.

संतोषने एकही प्रश्न विचारला नाही. सोनाआजीला काही आठवत नाही असं मी त्याला सांगितलं होतं, आणि आज त्याच्या देखत तिच्या मुलांची वयं सांगितली. त्याबद्दलही त्याने विचारलं नाही. ओमकारला उचलून पार्किंगपर्यंत नेलं. ओमकार म्हणत होता, पप्पा, मी चालतो, मी चालतो ना.

१९ ऑक्टोबर

सुरभीचा फोन. नंबर बघून गॅलरीत जाऊन उचलला. ती एवढंच म्हणाली, "ताई, ती मुलींची तपासणी कुठे होते?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंचं नाव, कुठल्या दिवशी बसतात, ओमकारच्या रिपोर्टची प्रत पाठवते म्हणाले. सोबत येऊ का विचारलं. नको म्हणाली. मी माफी मागायला लागले तर तिने ऐकून घेतलं, मधे थांबवलं नाही, आणि मग म्हणाली, "मला काय येईल ते मी तुला सांगणार नाही. राग म्हणून नाही. पण तू परत विचारू नको. आणि तुझ्या त्या कागदावर मला भरू नको."

मी हो म्हटलं. कागद कपाटामागे गुंडाळून ठेवलेला आहे. त्यावर तिचा गोल मी जूनमध्येच काढला होता. तो खोडला, तर खोडलेलाही दिसतो.

२ डिसेंबर

वीस दिवसांपूर्वी ओमकार बाथरूममध्ये पडला. घोट्याला प्लास्टर. आज काढलं, पण तो उभा राहीना. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, इतके दिवस बसला की काही मुलांचं चालणं परत येत नाही, प्रयत्न करत राहा. आठवं पुरं झालेलं नाही अजून.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आईला राहायला बोलावलं.

६ डिसेंबर

आई काल आली. आज दुपारी ओमकारला खाली उन्हात बसवला होता. वर न्यायची वेळ झाली. मी त्याच्या काखेत हात घालून उचलायला गेले तर तो ओरडला, खांदे दुखतात म्हणाला. आईने मला बाजूला सारलं. त्याच्यापुढे पाठ करून उकिडवी बसली.

"मानेला धरायचं नाय. इथं, खांद्याच्या हाडाला. पाय सोड, पाय मी धरते. हं."

आणि उठली. बासष्ट वर्षांची बाई, पदर खोचून, एका दमात दोन मजले चढली. वळणावर त्याचं डोकं कठड्याला लागू नये म्हणून अंग तिरकं केलं, मागे न बघता. वर आल्यावर खुर्चीत टाकला नाही, आधी पाठ टेकवून मग हळूहळू सरकवला. ओमकार हसत होता.

मी तिच्या मागून पायऱ्या चढत होते आणि सगळं बघत होते. घरात आल्यावर ती स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली. मी तिच्या मागे उभी राहिले.

"आई, कोणाला उचलायचीस तू?"

तिने साखर टाकली. दूध टाकलं. "मोरूला."

"कोण मोरू?"

"भाऊ. माज्या पाठचा."

जूनमध्ये मी तिला भावंडं विचारली होती. तिने एक मोठा मामा सांगितला होता. हे नाव छत्तीस वर्षांत मी ऐकलेलं नाही.

माझ्याजवळ सगळे प्रश्न तयार होते. कधी पडायला लागला, कितव्या वर्षी बसला, कधी गेला. इतक्या जणांना विचारून पाठ झालेले. मी एकही विचारला नाही. चहा उकळून वर आला, तिने गॅस बारीक केला आणि आपणहून बोलायला लागली, चहाकडे बघत.

"चौथीपातूर मीच नेला शाळंत. पावसात घोंगडी आमा दोघांवर एकच. मग शाळा बंद झाली त्याची आन् माजी पन. तो गेला तवा मी लग्नाची झाली व्हती. आयेनं सांगितलं, आता त्याचं नाव घ्यायचं नाय, तुला कोन सून करनार नाय. नाय घेतलं. हर्षद झाला तवा दोन वर्सं मला झोप नव्हती. तो अंगनात धावला तवा म्हटलं सुटले. मग तुजं लगीन आलं. मी कोनाला सांगनार व्हते गं? संतोषच्या मानसांना? केली असती त्यांनी तुला?" तिने पातेलं उतरवलं. "ओमकार पयल्यांदा जमिनीवरनं उठला ना, दीड वर्साचा, तवापासून मी बघते."

मला रागवायचं होतं. एक वर्ष आधी कळलं असतं, पाच वर्षं आधी कळलं असतं, मी दारोदार फिरले, सुरभीचं सगळं गेलं. हे सगळं ओठांवर आलं. आणि त्याच्याच मागून सुरभी आली, नव्या साडीतली, फाटकाशी उभी. तिच्या घरच्यांनी गप्प बसून जे सांभाळलं होतं तेच माझ्या आईने माझ्यासाठी सांभाळलं होतं, म्हणून तर मी आज या घरात आहे आणि ओमकार आहे. मी कप पुढे केले. तिने चहा गाळला.

बाहेरून ओमकारचा आवाज आला. भिंत काय, पडद्याएवढीच आहे.

"आजी, मोरू कोण?"

आई कप घेऊन बाहेर गेली. "माजा भाऊ."

"तो पण माझ्यासारखा होता?"

"व्हय."

"मग?"

मी स्वयंपाकघरातच थांबले. ओट्याची कड धरून.

"मग काय," आई म्हणाली. "मी न्यायची त्याला. म्हनंल तिथं न्यायची."

"कुठे कुठे?"

"नदीवर. जत्रंला. पोपटी लावायचे ना रात्री शेतात, मडक्यात शेंगा भाजायला, तिथं. एकदा हट्ट धरला, डोंगरावरनं आगगाडी बघायची. तर नेला."

"डोंगरावर? पाठीवर?"

"अर्धा डोंगर. मग मी दमले. मग दोघं तिथंच बसलो. दिसली तिथून पन."

ओमकारने डबे किती होते ते विचारलं. आई मोजून सांगायला लागली. कधी गेला तो, हे त्याने विचारलं नाही. ती बोलायची थांबली की तो लगेच पुढचा प्रश्न विचारत होता, इंजिन काळं होतं का, धूर होता का, हात केला का तुम्ही. थोड्या वेळाने मला कळलं की तो तिला थांबू देत नाहीये.